आपला ठेवा, आपली जबाबदारी : डिजिटल कागदपत्रांचे दीर्घकालीन जतन

समाजाचा इतिहास केवळ मोठमोठ्या ग्रंथांतच असतो असे नाही. तो घराघरातील पत्र्याच्या पेटीत, भिंतीवरील तसबिरीत आणि कपाटाच्या कप्प्यात पडलेल्या जुन्या वहीतही असतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी धम्मदीक्षा घेतली आणि लाखो अनुयायांना दिली. त्या सोहळ्याचे वर्णन आपण ग्रंथांतून वाचतो. परंतु आपल्या गावातून त्या दिवशी कोण कोण गेले, भाड्याचे पैसे कसे जमविले, परत आल्यावर गावात काय घडले, हे कोणी लिहिले असेल तर ते आपल्याच आजोबा-पणजोबांनी, आपल्याच घरातील कागदावर.

ज्या समाजाला शतकानुशतके लेखणीपासून दूर ठेवले गेले, त्या समाजाजवळ लिखित पुरावा मुळातच थोडा आहे. म्हणून जो आहे तो गमावणे आपल्याला परवडणारे नाही. मागील पिढीने हा ठेवा कागदावर जपला. आजच्या पिढीचा ठेवा मात्र मोबाईलमध्ये, संगणकात आणि इंटरनेटवरील खात्यात आहे. जयंतीची छायाचित्रे, धम्मपरिषदेतील भाषणांची ध्वनिमुद्रणे, विवाह व नामकरण विधीचे चित्रीकरण, शाळा-महाविद्यालयाची प्रमाणपत्रे हे सारे आता डिजिटल स्वरूपात आहे. पेटीतील कागद ओला झाला तर डाग दिसतो, वाळवी लागली तर चाळण दिसते. संगणकातील फाईल मात्र शेवटच्या दिवसापर्यंत ठीक दिसते आणि एके दिवशी उघडतच नाही.

म्हणून प्रत्येक सभासदाने व विद्यार्थ्याने एक गोष्ट ध्यानात घ्यावी. जतन करणे म्हणजे एखादी वस्तू एकदाच सुरक्षित जागी ठेवून देणे नव्हे. जतन हे पुन्हा पुन्हा करावयाचे कर्तव्य आहे. ही गोष्ट बौद्धांना नवी नाही.

१. धम्मसाहित्य कसे टिकले?

तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतर राजगृह येथे पहिली संगीती झाली. संगीती या शब्दाचा अर्थच एकत्रित पठण असा आहे. पुढे कित्येक पिढ्या भिक्खूसंघाने बुद्धवचन मुखोद्गत करून जपले. दीघनिकाय पाठ असणारे दीघभाणक, मज्झिमनिकाय पाठ असणारे मज्झिमभाणक, अशी कामाची वाटणी होती. अनेकांनी मिळून पठण केले की एकाची चूक दुसऱ्याच्या कानाला लगेच खटकत असे.

श्रीलंकेत दुष्काळ आणि युद्ध यांमुळे भिक्खूंचीच संख्या घटली, तेव्हा या पद्धतीतील धोका समोर आला. महानिद्देस हा ग्रंथ पाठ असणारा एकच भिक्खू उरला होता आणि इतर थेरांनी तो त्याच्याकडून घाईने शिकून घेतला, असे अट्ठकथेत सांगितले आहे. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात वट्टगामणी राजाच्या काळी त्रिपिटक ताडपत्रांवर लिहिले गेले, त्यामागे हीच चिंता होती. पुढे ब्रह्मदेशात मिंडॉन राजाने १८६० ते १८६८ या काळात मंडाले येथे ७२९ संगमरवरी शिळांवर संपूर्ण त्रिपिटक कोरविले. १९५४ ते १९५६ या काळात रंगून येथे सहावी संगीती झाली. त्या वेळी निरनिराळ्या देशांतील पाठ ताडून पाहून शुद्ध प्रत तयार करण्यात आली. त्याच संगीतीचा पाठ आपल्या नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी येथील विपश्यना विशोधन विन्यासाने देवनागरीत छापला, १९९०च्या दशकात सीडीवर आणला आणि नंतर इंटरनेटवर अनेक लिप्यांत उपलब्ध करून दिला.

मुख, ताडपत्र, शिळा, छापील ग्रंथ, सीडी, इंटरनेट असा हा प्रवास आहे. साधने बदलत गेली, परंतु प्रत्येक वेळी जुने साधन मोडण्यापूर्वी कोणीतरी मजकूर नव्या साधनावर उतरवून घेतला.

याच्या उलट नालंदा महाविहाराचे पहा. तेथील ग्रंथसंपदा नष्ट झाली. तरीही ह्युएनत्संग याने इ.स. ६४५ मध्ये भारतातून चीनमध्ये नेलेले ६५७ ग्रंथ, तसेच तिबेटी पंडितांनी केलेली भाषांतरे यांमुळे भारतात लुप्त झालेले कितीतरी बौद्ध साहित्य आज आपल्याला माहीत आहे. मूळ ठिकाणची प्रत गेली, परंतु दूरची प्रत वाचली.

या इतिहासातून चार नियम निघतात. प्रती अनेक असाव्यात. त्या वेगवेगळ्या ठिकाणी असाव्यात. त्या वेळोवेळी ताडून पाहाव्यात. आणि साधन जुने होण्यापूर्वी मजकूर नव्या साधनावर न्यावा. आजचे संगणकतज्ज्ञ डिजिटल जतनासाठी हेच चार नियम सांगतात.

२. डिजिटल ठेवा कशाने नष्ट होतो?

(अ) साधन बिघडते. हार्ड डिस्कमध्ये फिरणारे भाग असतात. ती पडली, विजेचा दाब कमी-जास्त झाला किंवा ती नुसती जुनी झाली तरी बंद पडू शकते. तीन ते पाच वर्षांनंतर तिच्यावर विसंबून राहू नये. पेनड्राइव्ह व मेमरी कार्ड यांत माहिती विद्युतभाराच्या रूपात असते. ती वर्षानुवर्षे न वापरता ठेवली तर हा भार हळूहळू कमी होतो. घरी तयार केलेल्या सीडीचा थर उष्णतेने व दमटपणाने खराब होतो. कोकण-मुंबईच्या हवेत कॅसेट आणि सीडी दोहोंवर बुरशी चढते.

(आ) साधन चांगले राहते, परंतु ते वाचणारे यंत्र नाहीसे होते. इंग्लंडमध्ये १०८६ साली डूम्सडे बुक नावाची जमीन-मालमत्तेची नोंदवही तयार झाली. तिला ९०० वर्षे झाली म्हणून १९८६ मध्ये बीबीसीने एक नवी नोंदवही लेसर डिस्कवर तयार केली. तिच्यासाठी दहा लाखांहून अधिक लोकांनी, मुख्यतः शाळकरी मुलांनी, माहिती पुरविली. अवघ्या पंधरा वर्षांत ती डिस्क वाचणारी यंत्रे दुर्मीळ झाली आणि माहिती बाहेर काढण्यासाठी तज्ज्ञांना खास खटपट करावी लागली. १०८६ सालची कातड्यावरची नोंदवही मात्र आजही वाचता येते. आपल्या घरातील फ्लॉपी आणि व्हिडिओ कॅसेट यांची स्थिती वेगळी नाही.

(इ) फाईल उघडते, परंतु अक्षर कळत नाही. हा धोका मराठी माणसाने विशेष ओळखावा. युनिकोडचा वापर रूढ होण्यापूर्वी आपल्या स्मरणिका, पत्रके व अहवाल श्रीलिपी, आकृती, शिवाजी अशा फॉन्टमध्ये टंकलिखित होत आणि त्यांतील पुष्कळसे पेजमेकरमध्ये जुळविले जात. अशा अनेक फॉन्टमध्ये संगणक आतून रोमन अक्षरांचेच संकेत साठवितो. पडद्यावर मात्र देवनागरी आकार दिसतो. तो फॉन्ट नसेल तर सारा मजकूर निरर्थक चिन्हांचा ढीग बनतो. युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा जागतिक क्रमांक आहे, म्हणून तो मजकूर कोणत्याही संगणकावर वाचता येतो.

(ई) सेवा बंद होते. ऑर्कुट हे संकेतस्थळ एकेकाळी भारतात अत्यंत लोकप्रिय होते. ते ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. मायस्पेस या संकेतस्थळावर २००३ ते २०१५ या काळात लोकांनी ठेवलेले संगीत नष्ट झाल्याचे २०१९ मध्ये उघड झाले. गुगल फोटोजची अमर्याद मोफत साठवण १ जून २०२१ पासून थांबली. सलग दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती काढून टाकण्याचा नियम गुगलने २०२३ मध्ये जाहीर केला आणि त्या वर्षीच्या डिसेंबरपासून तो लागू झाला. क्लाऊड म्हणजे शेवटी दुसऱ्याच्या मालकीचा संगणक होय. त्याचा उपयोग अवश्य करावा, परंतु केवळ त्याच्याच भरवशावर राहू नये.

(उ) माणसाची चूक होते. मोबाईलमधील जागा भरली म्हणून छायाचित्रे पुसली जातात. मोबाईल आणि क्लाऊड जोडलेले असतील तर एका ठिकाणी पुसलेले छायाचित्र दुसऱ्या ठिकाणाहूनही जाते. अशी जोडणी म्हणजे दुसरी प्रत नव्हे. शिवाय २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय या खंडणीखोर प्रोग्रॅमने जगभरातील संगणकांतील फाईली कुलूपबंद केल्या. जी डिस्क संगणकाला कायम जोडलेली असते, ती अशा वेळी वाचत नाही.

३. प्रथम निवड करावी

सर्वच जपायचे ठरविले की काहीच जपले जात नाही. मोबाईलमध्ये हजारो छायाचित्रे असतात, त्यांत सकाळच्या शुभेच्छा आणि एकाच प्रसंगाची वीस-वीस छायाचित्रेही असतात. त्यांतून खरा ठेवा वेगळा काढावा. त्याचे तीन गट करावेत.

पहिला गट हक्काच्या कागदपत्रांचा. जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका, जातीचे प्रमाणपत्र, जात वैधता प्रमाणपत्र, घराची व जमिनीची कागदपत्रे यांत येतात. अनुसूचित जातीच्या प्रमाणपत्रासाठी महाराष्ट्रात १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. अशा वेळी आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला किंवा प्रवेश नोंदवहीतील उतारा किती मोलाचा ठरतो, हे प्रवेशासाठी धावपळ केलेल्या विद्यार्थ्यांना सांगावयास नको. एक कागद हरवल्याने एक वर्ष वाया जाऊ शकते.

दुसरा गट कुटुंबाच्या आठवणींचा. पत्रे, रोजनिशी, जुनी छायाचित्रे आणि वडीलधाऱ्यांच्या आवाजातील आठवणी यांत येतात. तिसरा गट चळवळीचा. सभांची पत्रके, जयंतीचे हिशेब, विहार बांधणीच्या पावत्या, भीमगीतांच्या कॅसेट व भाषणे यांत येतात. असे कागद सामान्य वाटतात, परंतु मूकनायक व बहिष्कृत भारत यांचे जुने अंक कोणीतरी जपले होते म्हणूनच महाराष्ट्र शासनाला ते पुन्हा छापता आले. बाबासाहेबांचे क्रांती आणि प्रतिक्रांती या विषयावरील लेखन मात्र अपुऱ्या व विस्कळीत स्वरूपातच हाती आले. जी पाने मिळाली नाहीत, ती भरून काढणे आता कोणालाही शक्य नाही.

४. कागदावरून संगणकावर

कागदपत्रे ३०० डीपीआय आणि छायाचित्रे ६०० डीपीआय एवढ्या सूक्ष्मतेने स्कॅन करावीत. छायाचित्राची मागची बाजूही स्कॅन करावी. तेथे तारीख किंवा नाव लिहिलेले असते. स्कॅन झाले म्हणून मूळ कागद टाकून देऊ नये. कार्यालये मूळ कागद पडताळतात. डिजिलॉकर ही शासकीय सेवा १ जुलै २०१५ पासून सुरू आहे आणि संबंधित खात्याने स्वतः तीत दिलेले प्रमाणपत्र मूळ प्रतीसमान मानले जाते. परंतु आपण घरी स्कॅन करून तेथे ठेवलेल्या प्रतीला तो दर्जा नाही, हा फरक विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावा.

कॅसेटसाठी चांगला टेपरेकॉर्डर संगणकाला जोडावा. ऑडॅसिटी या मोफत प्रोग्रॅमने ध्वनिमुद्रण करता येते. बुरशी आलेली कॅसेट यंत्रात घालू नये. टेप तुटते आणि यंत्रही खराब होते. ती जाणकाराकडे द्यावी. मुख्य प्रत वेव्ह स्वरूपात ठेवावी आणि ऐकण्यासाठी एमपी३ प्रत काढावी. दस्तऐवज पीडीएफ/ए या स्वरूपात ठेवावेत. हे स्वरूप दीर्घकालीन जतनासाठीच ठरविलेले असून २००५ पासून ते आंतरराष्ट्रीय मानक आहे. फॉन्ट फाईलच्या आतच साठविणे त्यात बंधनकारक आहे. जुन्या फॉन्टमधील मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून एकदा डोळ्यांखालून घालावा, कारण रूपांतरात जोडाक्षरे बिघडतात.

व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या पद्धतीने आलेल्या छायाचित्राचा दर्जा कमी झालेला असतो आणि ते कधी काढले ही नोंदही निघून गेलेली असते. म्हणून मूळ छायाचित्र ज्याने काढले त्याच्याकडून ते डॉक्युमेंट म्हणून मागवून घ्यावे.

फाईलला नाव देताना आधी वर्ष, मग महिना, मग दिवस आणि नंतर प्रसंग लिहावा, उदाहरणार्थ, १९८७-०४-१४-जयंती-मिरवणूक-०१. अशा फाईली आपोआप कालक्रमाने लागतात. प्रत्येक फोल्डरमध्ये एक साधी यादी ठेवावी. डावीकडून उजवीकडे कोण उभे आहे, ठिकाण कोणते, माहिती कोणी सांगितली, एवढे तरी तीत असावे. छायाचित्र टिकले आणि त्यातील माणसांची नावे विसरली गेली, तर ते टिकून अर्धेच टिकले.

५. तीन प्रती

१९१७ साली बाबासाहेब लंडनहून परत येत असताना त्यांची ग्रंथसंपदा वेगळ्या जहाजाने पाठविली होती. पहिले महायुद्ध चालू होते. ते जहाज पाणबुडीच्या हल्ल्यात बुडाले आणि उपाशी राहून जमविलेले ग्रंथ समुद्रात गेले. ग्रंथ जपणाऱ्या माणसाचेही सर्व ग्रंथ एकाच ठिकाणी असतील तर एका आघाताने जातात, हा याचा बोध.

आज यासाठी तीन-दोन-एक असा नियम सांगितला जातो. एकूण प्रती तीन असाव्यात. त्या दोन प्रकारच्या साधनांवर असाव्यात. त्यांपैकी एक प्रत घराबाहेर असावी. सर्वसाधारण कुटुंबाने एक प्रत घरच्या संगणकावर किंवा हार्ड डिस्कवर, दुसरी वेगळ्या कंपनीच्या हार्ड डिस्कवर आणि तिसरी क्लाऊडवर ठेवावी. दुसरी डिस्क प्रत काढून झाल्यावर संगणकापासून सोडवून ठेवावी आणि शक्य असेल तर ती दुसऱ्या गावातील बहीण-भावाच्या घरी असावी. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरला महापूर आला. घरात पाणी शिरले की एकाच कपाटातील दोन्ही प्रती एकाच वेळी भिजतात.

ज्यांना दोन डिस्क घेणे परवडत नाही त्यांनी निदान निवडक ठेवा एका डिस्कवर व एका क्लाऊड खात्यात ठेवावा आणि सर्वांत महत्त्वाच्या पंचवीस-तीस छायाचित्रांच्या चांगल्या कागदावर प्रती काढाव्यात. कागद वाचायला वीज लागत नाही.

६. तपासणी आणि नूतनीकरण

ठेवलेली प्रत तपासली नाही तर ती आहे की नाही हे कळत नाही. यासाठी चेकसम नावाची सोय आहे. संगणक फाईलमधील संपूर्ण माहितीवरून एक लांब संकेतांक काढतो. फाईलमध्ये एका बिंदूइतका जरी फरक पडला तरी तो बदलतो. तो आज लिहून ठेवावा आणि पुढील वर्षी पुन्हा काढून ताडून पाहावा. जुळला नाही तर दुसऱ्या प्रतीवरून चांगली फाईल घ्यावी. संगीतीत एकत्रित पठणाने जे साधत असे, तेच येथे आकडेमोडीने साधते.

यासाठी नवा सण काढण्याची गरज नाही. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंतच्या वर्षावासात दर रविवारी एक तास छायाचित्रांना नावे देण्यासाठी ठेवावा. धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आठवड्यात सर्व प्रती उघडून तपासाव्यात आणि क्लाऊड खात्यात एकदा प्रवेश करावा. दर पाच वर्षांनी नवी डिस्क घेऊन त्यावर प्रत काढावी. जुनी डिस्क, नवी डिस्क नीट चालते याची खात्री होईपर्यंत फेकू नये.

७. आपल्यानंतर कोण?

पुष्कळ घरांत संगणकाचे सारे व्यवहार एकाच व्यक्तीला ठाऊक असतात. ती व्यक्ती गेली की पासवर्डही जातो आणि खाते कायमचे बंद राहते. म्हणून डिस्क कोठे आहे, खाते कोणत्या नावाने आहे व पासवर्ड काय, हे एका कागदावर लिहून बंद लिफाफ्यात घरातील विश्वासू व्यक्तीकडे ठेवावे. गुगल खात्यात निष्क्रिय खाते व्यवस्थापक ही सोय आहे. खाते ठरावीक काळ वापरले गेले नाही तर त्यातील माहिती आपण नेमलेल्या व्यक्तीला मिळावी, अशी व्यवस्था तीत करता येते. आधार, बँक व आरोग्यविषयक कागद मात्र वेगळ्या, कुलूपबंद फोल्डरमध्ये असावेत. ते संस्थेच्या संग्रहात देऊ नयेत.

८. संस्था आणि विद्यार्थी

प्रत्येक कुटुंबाला हे सर्व जमेलच असे नाही. येथे संस्थेचे कार्य सुरू होते. विहारात एक स्कॅनर, एक संगणक आणि दोन हार्ड डिस्क एवढ्यावर आरंभ करता येईल. महिन्यातून एक दिवस सभासदांनी जुने कागद आणावेत, त्यांच्यासमोर स्कॅन करून मूळ कागद त्याच दिवशी परत द्यावेत. कोणाचा कागद, कोणी पाहू शकेल, छापता येईल किंवा नाही, याची लेखी संमती घ्यावी. प्रत्येक स्मरणिकेची एक प्रत युनिकोड मजकुरासह आणि पीडीएफ/ए स्वरूपात संस्थेजवळ राहील, असा ठराव करावा.

विद्यार्थी मित्रांनी आणखी एक काम करावे. घरातील व वस्तीतील ज्येष्ठ माणसांजवळ मोबाईल घेऊन बसावे आणि त्यांना बोलते करावे. ज्यांनी लहानपणी बाबासाहेबांना प्रत्यक्ष पाहिले त्यांची संख्या दरवर्षी घटत आहे. महानिद्देस पाठ असणारा एकच भिक्खू उरला होता. आपल्याही वस्तीत काही आठवणी एकाच वृद्ध आजीजवळ उरल्या असतील. ते ध्वनिमुद्रण त्याच रात्री दुसऱ्या ठिकाणी उतरवून ठेवावे.

तथागतांनी सर्व संस्कार अनित्य असल्याचे सांगितले आणि अखेरचा उपदेश केला तो अप्रमादाचा, म्हणजे सतत जागरूक राहण्याचा. हार्ड डिस्क अनित्य आहे, फॉन्ट अनित्य आहे, कंपन्याही अनित्य आहेत. म्हणून निराश होऊन हात जोडून बसणे हा धम्म नव्हे. ज्या भाणकांनी बुद्धवचन आपल्यापर्यंत पोहोचविले त्यांच्याजवळ कोणतेही यंत्र नव्हते. त्यांच्याजवळ नियम होता, संघ होता आणि जागरूकता होती. आपल्याजवळ यंत्रे आहेत. उरलेल्या तीन गोष्टी आपणच आणावयाच्या आहेत. येत्या रविवारी घरातील पेटी उघडावी, पहिला कागद हाती घ्यावा आणि कामास लागावे.

जयभीम! नमो बुद्धाय!